राजेशाही हॉटेलाचं दुखणं नौपाड्यातलंच

काळा घोड्याजवळच्या जुन्या वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनचा विषय निघाला की ठाण्यात बहुतेक जण एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतात: धोकादायक आहे ना, मग पाडा. हे बोलणं निष्ठुरपणाचं नाही, त्यामागे अनुभव आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-टू बी माणसं आत ठेवून, आणि सी-थ्रीला किरकोळ डागडुजी. ठाणेकराला ही वर्गवारी तोंडपाठ असते, कारण त्याचा कुणी ना कुणी नातेवाईक तिच्यातल्या एखाद्या इमारतीत राहत असतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये खुद्द ठाण्यातल्या नौपाड्यात कृष्णा निवास कोसळलं, त्यात १२ जण गेले. अशा शहरात वारशाच्या गोष्टी सांगायच्या तर आधी या मृत्यूंची जाणीव ठेवूनच सांगायला हव्यात.

ती ठेवूनही मला वाटतं, वॉटसन पाडू नये. मात्र ते वाचवा म्हणून गळा काढणाऱ्यांशीही माझं पटत नाही. इमारतीचं नाव वारसा यादीत घातलं, दारावर निळी पाटी ठोकली आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हे सोयीस्करपणे विसरलं, की त्या इमारतीला आपण सावकाश मारत असतो. वॉटसन असंच मरणपंथाला लागलं, आणि त्याचं दुखणं नौपाड्यातल्या गोखले रोडच्या गल्ल्यांमधल्या पागडीच्या, म्हणजे ठोक रक्कम आधी मोजून अल्प भाड्यात राहायच्या इमारतींना झालेल्या दुखण्याहून तसूभरही वेगळं नाही.

बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि बाहेरचं मैदान बांधकामाला मोकळं झालं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला होता. जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने या नव्या जागेवर इमारत बांधायचं ठरवलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि १८६७ ते १८६९ च्या दरम्यान इथे जोडल्या गेल्या. इमारतीचा सगळा भार हा सांगाडा पेलतो. विटांच्या भिंती फक्त मधल्या जागा भरण्यापुरत्या. पुढे जगभर उंच इमारती ज्या तत्त्वावर उभ्या राहिल्या, त्याचा हा फार लवकरचा नमुना. घोडबंदर रोडवरच्या चाळीस मजली टॉवरमध्येही भार सांगाड्यावरच असतो, विटांच्या भिंतींवर नव्हे. त्या टॉवरमधल्या ठाणेकराला वॉटसनशी आपलं काही नातं नाही असं वाटत असेल, तर त्याने हे लक्षात घ्यावं.

७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. ते पाहून भारावलेले आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. मराठी माणसाच्या सिनेमावेडाची एक मुळी अशी या लोखंडी सांगाड्याखाली जाते.

मग १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताज उघडलं. टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकायला मिळते. इतिहासाच्या अभ्यासकांना तिच्याबद्दल दाट शंका आहे. मलाही ती जरा जास्तच गोड वाटते; एवढं भांडवल कुणी निव्वळ रागाच्या भरात ओतत नसतो. खरं कारण साधं असावं. बंदरावर उतरणाऱ्या श्रीमंत प्रवाशाला समोर समुद्र, विजेचे दिवे आणि नवी इमारत मिळाल्यावर तो आत मैदानाकडे कशाला जाईल? वॉटसनचं गिऱ्हाईक गेलं. हॉटेल म्हणून त्याचे दिवस भरले आणि इमारतीचे तुकडे पडले. मोठ्या दालनांत फळ्या ठोकून खोल्या झाल्या, त्या भाड्याने गेल्या. शेजारीच सत्र न्यायालय असल्याने वकिलांची कार्यालयं आली, झेरॉक्सची दुकानं आली, काही कुटुंबंही राहिली. ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल पकडून फोर्टात वकिली करायला जाणाऱ्या कित्येकांना ही इमारत तिच्या सिनेमाच्या इतिहासासाठी नव्हे, तर वकिलांच्या चेंबरसाठी माहीत होती.

इमारतीचे तुकडे झाल्यावर काय होतं हे ठाणेकराला समजावून सांगायची गरज नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाईच्या त्या काळात तो कायदा नसता तर गिरणीतल्या कामगारापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत हजारो जण रस्त्यावर आले असते, हे मान्यच करायला हवं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्याच गोठलेल्या आकड्यावर. मालकाला भाड्यातून जिन्याची फळी बदलण्याइतकेही पैसे सुटेनात. भाडेकरूने पागडी मोजलेली असल्याने तो स्वतःला अर्धा मालक समजतो, पण छत गळलं की पूर्ण भाडेकरू होतो. महापालिका दोघांना नोटीस देते. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, दोघं वेगवेगळी करून घेतात. मालकाचा इंजिनीअर म्हणतो पाडा, भाडेकरूंचा म्हणतो दुरुस्त होईल. प्रकरण कोर्टात जातं आणि तारखा पडत राहतात. दरम्यान लोखंडी टेकू लावले जातात, आणि ते टेकू कायमचे होतात.

वॉटसनमध्ये नेमकं हेच झालं. २००५ च्या पावसाळ्यात बाल्कन्यांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या आपल्या यादीत जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर स्थळांत या इमारतीची गणना केली. २०१८ मध्ये फोर्टातल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. एस्प्लनेड मॅन्शन त्याच परिसरात उभी. म्हणजे मानसन्मानात काही कमी पडलं नाही. आणि २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने दुरुस्ती परवडणारी नाही, पाडून पुन्हा बांधा, असं सांगितलं; उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. वास्तुसंवर्धनातली मंडळी लगेच विरोधात उतरली. हीच मंडळी आधीची पंधरा वर्षंही बोलत होती, पण त्यांच्याकडे आवाज होता, पैसा नव्हता.

म्हणून इमारत टिकते कशाने, हे पाहायचं तर वॉटसनची भावंडं बघावीत.

ताज टिकलं, कारण ते पहिल्यापासून एका हातात राहिलं आणि कमावत राहिलं. त्याच्या आराखड्यावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्यांनी काम केलं होतं, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण त्या वास्तूला वैद्यांच्या कल्पकतेइतकंच तिच्या गल्ल्याने तारलं. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं इस्पितळ झालं, युद्ध संपल्यावर पुन्हा हॉटेल झालं. २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेक्यांनी घुमटाखालचे मजले जाळले. १५ ऑगस्ट २०१० ला ती बाजू दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. एवढी मोठी दुरुस्ती दोन वर्षांच्या आत झाली, कारण निर्णय घेणारा एकच होता आणि त्याच्या खिशात पैसे होते. आता याच ताजने आपला टॉवर उभारताना शेजारचं जुनं ग्रीन्स हॉटेल पाडलं होतं, तेव्हा वारशाचा पुळका उद्योगपतींना उपजतच असतो असंही समजू नये.

मॅजेस्टिकची कथा दुसऱ्या टोकाची. रीगल सिनेमासमोरची, मनोऱ्यांची ही इमारत १९०९ ची, वास्तुरचनाकार डब्ल्यू. ए. चेंबर्स, ज्यांनी ताजचंही काम पूर्ण केलं. हॉटेल बंद पडल्यावर ती सरकारकडे आली आणि आमदार निवास झाली. तळमजल्यावर सहकारी भांडार. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या आमदाराचा चहा जिथे उकळायचा, तिथे कधीकाळी साहेबलोक नाचायचे. ही उलथापालथ मला तरी मजेशीर आणि न्याय्य वाटते. पण सरकारी वापरात आतला राहण्याचा भाग इतका जीर्ण झाला की तो बंद करावा लागला. मालक एकच असला तरी, इमारत कमावत नसेल तर दुरुस्ती दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या रांगेत शेवटी उभी राहते. आमदारांचीही गय होत नाही.

कोलकात्याचं ग्रेट ईस्टर्न या दोन्हींच्या मधलं. १८४० च्या दशकात सुरू झालेलं, आशियातल्या नावाजलेल्या हॉटेलांपैकी एक. १९७० च्या दशकात ते डबघाईला आल्यावर राज्य सरकारने ताब्यात घेतलं आणि सरकारी कारभारात ते आणखी खालावलं. अखेर २००५ मध्ये डाव्या आघाडीच्याच सरकारने ते खासगी हॉटेल कंपनीला विकलं आणि २०१३ मध्ये ते पुन्हा उघडलं. सरकारला हॉटेल चालवता येत नाही, हा यातला सर्वांना ठाऊक असलेला धडा. माझं लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जातं. सरकारने ते ताब्यात घेतलं होतं म्हणूनच ते अखंड राहिलं, खोल्याखोल्यांत वाटलं गेलं नाही, आणि म्हणूनच नव्या कंपनीच्या हाती सगळी वास्तू देता आली.

चौथं उदाहरण लंडनचं, आणि ते वॉटसनच्या फार जवळचं आहे. सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड लोखंडी छताच्या कामात आपल्या ऑर्डिशचाच हात होता. त्या स्थानकाला लागून असलेलं मिडलंड ग्रँड हॉटेल १८७३ मध्ये उघडलं, १९३५ मध्ये बंद पडलं आणि रेल्वेची कार्यालयं तिथे आली. १९६० च्या दशकात ते पाडायचा घाट घातला गेला. लोकांनी विरोध केला, १९६७ मध्ये सर्वोच्च श्रेणीचं संरक्षण मिळालं. पुढे आगीच्या नियमांत बसेना म्हणून कार्यालयंही गेली. २०११ मध्ये ते पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झालं. खर्च भागवायला काही भागात विकाऊ फ्लॅट काढले गेले. बंद पडल्यापासून शहात्तर वर्षांनी! इतका धीर आपल्याला धरवेल का, हा प्रश्न रास्त आहे, पण तिथेही इमारत त्या सगळ्या काळात रेल्वेच्या हाती एकसंध राहिली होती.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे: वॉटसनसारखी इमारत सरकारने रीतसर मोबदला देऊन एकसंध ताब्यात घ्यावी, आणि ती न विकता, दुरुस्तीच्या कडक अटींवर, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कमावत्या वापरासाठी द्यावी. हॉटेलच हवं असा माझा हट्ट नाही. तळमजल्यावर सिनेमाचं छोटं संग्रहालय आणि वर वकिलांची चेंबरं असतील तरी चालेल. पट्टा एकाच्याच नावावर असावा आणि दुरुस्तीला तोच जबाबदार असावा, एवढं पुरे.

विक्री का नको, याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. २००२ मध्ये केंद्र सरकारने मुंबईची दोन सेंटॉर हॉटेलं विकली. विमानतळाजवळचं ८३ कोटींना गेलं आणि घेणाऱ्याने काही महिन्यांतच ते ११५ कोटींना पुढे विकलं. महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले. जुहूच्या सेंटॉरची समुद्राकाठची वास्तू विक्रीनंतर कित्येक वर्षं बंद पडून होती. एकदा मालकी गेली की जनतेच्या हाती फक्त वर्तमानपत्रातली बातमी उरते.

भाडेपट्ट्याचं महत्त्व नवी मुंबईकराला वेगळं सांगायला नको. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने वाशी, बेलापूर, नेरूळच्या जमिनी साठ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. हॉटेलांचे भूखंडही निविदा काढून असेच दिले. त्या पट्ट्यातल्या अटी, हस्तांतर शुल्क, ना-हरकत दाखले यांना लोक वैतागतात, आणि निवडणूक आली की जमिनी मालकी हक्काच्या करून देण्याची भाषा सुरू होते. राहत्या घरांपुरती ती मागणी मला पटते. मोठ्या व्यापारी भूखंडांपुरती पटत नाही. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला आहे. उलवे-पनवेल पट्ट्यात आता हॉटेलं उभी राहतील. यातलं एखादं साठ वर्षांनी शहराला जवळचं वाटू लागेल. तेव्हा ते टिकवायला हाती काही असावं असं वाटत असेल, तर जमीन सार्वजनिक ठेवण्यावाचून दुसरा कोणता खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.

आता आक्षेप. पहिला पैशाचा. ठाण्याच्या दिवा आणि मुंब्रा भागांत पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या लोकांनी फोर्टातल्या जुन्या साहेबी हॉटेलासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसे का द्यावेत? प्रश्न बोचरा आहे आणि तो टाळता येत नाही. माझं उत्तर असं की दुरुस्तीचा मोठा खर्च पट्टा घेणाऱ्यानेच करायचा आहे. सरकारचा वाटा ताबा आणि मोबदला एवढाच, आणि तोही पुढच्या भाड्यातून बऱ्याच अंशी वसूल होऊ शकतो. आपण ठाणेकर गडकरी रंगायतनावर पैसे खर्च करतोच. १९७८ चं ते नाट्यगृह नूतनीकरणासाठी बंद राहिलं आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. हे पैसे नळजोडण्यांना का दिले नाहीत, असं फार कुणी विचारलं नाही. ते आपलं आहे, म्हणून. वॉटसन आपलं वाटत नाही, ही खरी अडचण आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो: गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी बांधलेली वास्तू आपली कशी? पण ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि आजही तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. तो कुणाचा? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी साहेबाचीच होती. तिचा अभिमान मात्र आपण दरवर्षी मिरवतो. ज्या दिवाणखान्यात एतद्देशीयांना मज्जाव होता, तिथे पुढे पन्नास वर्षं वकिलांकडे खेटे घालणारे आपलेच पक्षकार बाकांवर बसले. मालकी यापेक्षा वेगळ्या कोणत्या मार्गाने सिद्ध होते, मला कळत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वांत वजनदार. खासगी मालमत्ता सरकारने घ्यायचीच कशाला? मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती ताब्यात घेण्याच्या म्हाडा कायद्यातल्या तरतुदींवरून सुरू झालेल्या खटल्यातला घटनात्मक प्रश्न ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाली काढला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे लोकहितासाठी सरकारने वाटप करावं अशी संपत्ती, ठरत नाही, असं बहुमताने सांगितलं गेलं. मालकांनी पेढे वाटले. पण त्याच निकालात असंही आहे की काही खासगी मालमत्ता तशी ठरू शकते, आणि ते तिचं स्वरूप, दुर्मिळता, समाजावरचा परिणाम अशा गोष्टी पाहून ठरवायचं. जगात मोजक्याच उरलेल्या अशा ओतीव लोखंडाच्या इमारतींपैकी एक दुर्मिळ नसेल तर मग दुर्मिळ काय? नौपाड्यातल्या पन्नास वर्षांच्या तीन मजली इमारतीला हा निकष लावता येणार नाही, आणि लावूही नये. तिथे अनेक जुन्या इमारती एकत्र पाडून नव्याने बांधण्याची क्लस्टर योजना, वाढीव चटई निर्देशांक (म्हणजे भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी), भाडेकरूला हक्काचं घर हाच मार्ग. सगळ्या जुन्या इमारती वाचवायला निघालेला माणूस एकही वाचवू शकत नाही, आणि भाडेकरूंचे शाप घेतो ते वेगळेच.

चटई निर्देशांकाची ही ठाण्याची सवय मात्र वॉटसनला उपयोगाची नाही. आपल्याकडे प्रत्येक अडलेली इमारत वाढीव बांधकामाच्या आमिषाने सुटते. वारसा इमारतीवर मजले चढवता येत नाहीत, म्हणून त्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क, देण्याची सोय नियमात आहे. कागदावर ती छान दिसते. प्रत्यक्षात हक्क मालकाला मिळाले तर तो ते विकून मोकळा होईल आणि भाडेकरू टेकूंखालीच राहील. भाडेकरूंत वाटायचे तर कुणाला किती, यावरच दहा वर्षं जातील. हे हक्क जमीनमालकाच्या हाती न देता थेट दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावेत, एवढी दुरुस्ती राज्य सरकारला नियमात करता येईल.

भाडेकरूंचं काय, हे वारशाच्या बहुतेक लेखांत शेवटच्या ओळीत येतं किंवा येतच नाही. २०१९ मध्ये बाहेर पडलेल्यांत बडे वकील होते, तसे टायपिंग आणि झेरॉक्सवर घर चालवणारेही होते. बडा वकील दुसरीकडे चेंबर घेतो. झेरॉक्सवाल्याचं गिऱ्हाईक कोर्टाच्या दारापासून दोनशे पावलांवर असतं आणि तो कळव्याला किंवा विरारला पर्यायी गाळा घेऊन काय करणार? म्हणून ताब्याची अधिसूचना निघायच्या आधी प्रत्येक भाडेकरूशी लेखी करार व्हायला हवा: एक तर त्याच परिसरात जागा, नाहीतर बाजारभावाने रोख मोबदला, निवड त्याची. ठाण्यात क्लस्टरसाठी किसननगरच्या रहिवाशांनी करारनामा आधी, घर नंतर रिकामं, असाच आग्रह धरला होता, आणि तो बरोबर होता. वॉटसनच्या झेरॉक्सवाल्यालाही तीच अट घालायचा हक्क आहे, आणि सरकारी अंदाजपत्रकात पहिली तरतूद लोखंडाच्या रंगकामाची नव्हे, त्याच्या मोबदल्याची असायला हवी.